सीडी वाचणारे यंत्र बदलताना

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. गाण्याचे शौकीन. त्यांच्याकडे दोन कपाटे भरून सीडी आहेत. बऱ्याचशा मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हा मास्तरांना दोन दिवस चैन पडले नव्हते. गेल्या दिवाळीत त्यांच्या सीडी प्लेअरने संप पुकारला. तबकडी आत जायची, थोडी घरघर व्हायची आणि पडद्यावर अक्षरे उमटायची, 'नो डिस्क'. मास्तरांचा जीव कासावीस झाला, पण तो विकत घेतलेल्या सीडींसाठी नव्हे. त्यांच्या गुरुजींच्या एका घरगुती बैठकीचे ध्वनिमुद्रण त्यांनी पूर्वी कॅसेटवरून सीडीवर उतरवून घेतले होते. कॅसेट केव्हाच खराब होऊन गेली. उरली ती एकच तबकडी. "आता हे वाजवायचे कशावर?" हा त्यांचा प्रश्न.

असा प्रश्न पडलेली घरे आज पुष्कळ आहेत. म्हणून जुन्या प्लेअरच्या जागी काय घ्यावे, कसे निवडावे, याचा आज थोडा विचार करू.

आधी सीडी प्लेअर काय काम करतो ते पाहिले पाहिजे. त्याची कामे दोन. पहिले काम तबकडीवरचे आकडे वाचायचे. दुसरे, त्या आकड्यांपासून पुन्हा आवाजाची विद्युत्‌लहर तयार करायची. पहिले काम करणाऱ्या भागाला ट्रान्स्पोर्ट म्हणतात आणि दुसरे करणाऱ्याला डॅक. आपल्या भाषेत सांगायचे तर ट्रान्स्पोर्ट हा पोस्टमन आणि डॅक हा पत्र वाचून दाखवणारा. साध्या प्लेअरमध्ये दोघे एकाच घरात राहतात. हौशी मंडळींच्या संचात ते वेगळ्या पेट्यांत असतात आणि मधे एक केबल असते.

पोस्टमनचे काम दिसते त्याहून अवघड आहे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ साली जपानमध्ये पहिला प्लेअर बाजारात आला. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेघ असते आणि ग्रामोफोनच्या उलट ती आतून बाहेर जाते. रेघेच्या दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक फेऱ्या. ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. लेन्सला या रेघेवर नेम धरून ठेवायचा असतो, तोही तबकडी फिरत आणि थोडी डुलत असताना. आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेर जाता जाता हा वेग सुमारे २०० वर येतो. आणि प्रत्येक सेकंदाला डाव्या-उजव्या बाजूंसाठी ४४,१०० आकड्यांची एकेक रांग बाहेर पडत असते.

एवढ्या कसरतीत चुका होणारच. त्याची सोय मूळ आराखड्यातच केलेली आहे. संगीताच्या प्रत्येक २४ बाइटमागे ८ बाइट केवळ चूक शोधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी लिहिलेले असतात. शिवाय आकडे सलग न लिहिता दूर दूर विखरून लिहितात. त्यामुळे रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी गेलेले आकडे जसेच्या तसे परत मिळवता येतात. त्याहून मोठा ओरखडा असेल तर यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधते. तेही जमले नाही की आवाज क्षणभर बंद होतो किंवा टकटक ऐकू येते. सीडी पुसताना गोल न फिरवता मधून कडेकडे सरळ पुसावी असे सांगतात, ते याचसाठी. आडवा ओरखडा रेघेला थोडाच तोडतो. गोल ओरखडा मात्र रेघेसोबत लांबवर जातो.

आता मूळ प्रश्न. यंत्र बिघडले की लगेच नवे घ्यायचे का? माझे उत्तर, आधी रोग ओळखा. ट्रे उघडतच नसेल तर बहुधा आतला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो लवकर वितळल्यासारखा होतो आणि बदलायला फार खर्च येत नाही. सुरुवातीची गाणी नीट वाजून शेवटची अडखळत असतील, तर लेन्स जिच्यावरून सरकते त्या दांडीवरचे वंगण सुकलेले असू शकते. एकही तबकडी वाचली जात नसेल तर लेन्सवर धूळ बसली असेल किंवा लेसर थकला असेल. लेन्स जाणकाराकडून पुसून घ्यावी. झाकण उघडून चालू लेसरकडे डोकावू नये. तो ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ न दिसणारा प्रकाश असतो, आणि दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

लेसरचा भाग बदलायचा झाला तर अनेक जुन्या प्लेअरांचे सुटे भाग अजून मिळतात, पण त्यांत नकली मालही असतो. आणखी एक बारकी गोष्ट. काही नव्या लेसर भागांवर, स्थिर विजेपासून बचाव म्हणून, कारखान्यातच डाखाचा एक ठिपका टाकलेला असतो. भाग बसवल्यावर तो काढावा लागतो, नाहीतर लेसर पेटतच नाही. हे न कळल्यामुळे चांगले भागही 'खराब निघाले' म्हणून परत जातात. मेकॅनिकला हे एकदा विचारून ठेवावे.

दुरुस्ती शक्य नसेल तर आपल्या संचात डॅक आहे का ते पाहावे. अलीकडच्या बऱ्याच अॅम्प्लिफायरच्या मागे डिजिटल इनपुटची जागा असते, म्हणजे डॅक आतच बसवलेला असतो. तसा असेल तरच नुसता ट्रान्स्पोर्ट घ्यावा. नसेल तर पूर्ण प्लेअरच घ्यावा. नाहीतर पोस्टमन दाराशी येईल आणि पत्र वाचायला घरात कोणी नसेल.

डॅक असल्यास तीन मार्ग आहेत. पहिला, खास ट्रान्स्पोर्ट. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी किंवा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी ही अलीकडच्या काळात आलेली अशी यंत्रे. दुसरा मार्ग, ज्याला डिजिटल आउटपुट आहे असा साधा सीडी प्लेअर, नवा किंवा जुना. तिसरा, घरात पडून असलेला डीव्हीडी प्लेअर. त्याच्या मागे कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउटपुट असेल तर तो सीडीचे आकडे डॅककडे पाठवू शकतो. मात्र काही डीव्हीडी प्लेअर ४४,१०० चे ४८,००० करून पाठवतात, म्हणजे पोस्टमन पत्र स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून देतो. डॅकच्या पडद्यावर आकडा दिसत असेल तर हे लगेच कळते. शिवाय काहींत टीव्ही लावल्याशिवाय गाणे निवडणे अवघड जाते, ही एक अडचण.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न. महाग ट्रान्स्पोर्टने आवाज सुधारतो का? इथे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो आकडे ते आकडे, फरक पडणे शक्य नाही. दुसरा गट प्रत्येक यंत्रात वेगळा गोडवा ऐकतो. थोडे समजून घेऊ. तबकडी सुस्थितीत असेल तर स्वस्त यंत्रही सगळे आकडे अचूक देते. पण आकडे अचूक असून भागत नाही, ते वेळेवरही आले पाहिजेत. तबल्याचे उदाहरण घ्या. बोल सगळे बरोबर आहेत, पण मात्रा किंचित मागेपुढे पडतात, तर आपण म्हणतो लय हलते. डिजिटल संगीतात दोन आकड्यांमधले अंतर सुमारे २२.७ मायक्रोसेकंद असते आणि ते जरा जरी डगमगले तर त्याला जिटर म्हणतात. जुने डॅक वेळेसाठी पोस्टमनच्या घड्याळावर फार विसंबून असत. तिथे ट्रान्स्पोर्टचा फरक पडू शकतो. नवे चांगले डॅक येणारे आकडे क्षणभर साठवतात आणि स्वतःच्या घड्याळाने पुढे सोडतात. तिथे महाग पोस्टमनचा उपयोग फारसा उरत नाही. तेव्हा डॅक बरा असेल तर गोडव्यासाठी ट्रान्स्पोर्टवर मोठी रक्कम टाकू नये. तोच पैसा स्पीकरवर खर्च केला तर फरक घरातल्या सगळ्यांना ऐकू येईल.

मग पैसे कशासाठी मोजायचे? माझ्या मते चार गोष्टींसाठी. पहिली, वाईट तबकड्या वाचण्याची ताकद. ओरखडे पडलेली सीडी एक यंत्र नाकारते आणि दुसरे विनातक्रार वाजवते, हा फरक खरा आहे. दुसरी, घरी लिहिलेल्या तबकड्या. छापील सीडीवरून जितका प्रकाश परततो त्याहून थोडा कमी सीडी-आरवरून परततो, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून तर फारच कमी. सगळी यंत्रे त्या वाचतातच असे नाही. तिसरी, सलगता. आपल्या मैफलींच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे नवा ट्रॅक असतो. यंत्राने तिथे क्षणभर थांबून दम घेतला तर समेवर यायच्या ऐवजी आपण खड्ड्यात पडतो. चौथी, शांतता. रात्री तंबोऱ्याच्या मागे मोटारीची घरघर ऐकू येत असेल तर कितीही चांगला डॅक काय कामाचा?

या चारही गोष्टी जाहिरातीत सापडत नाहीत. म्हणून दुकानात जाताना आपल्या तबकड्या बरोबर न्याव्यात. चांगल्या नेऊ नका, सर्वांत वाईट न्या. एक ओरखड्यांची, एक घरी लिहिलेली, एक मैफलीची. प्रत्येकीचे शेवटचे गाणे वाजवून पाहा, कारण बाहेरच्या कडेला यंत्राची खरी परीक्षा होते.

जुने यंत्र घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. जपानमधून आलेली यंत्रे तिथल्या १०० व्होल्टवर चालतात. ती आपल्या २३० व्होल्टला सरळ जोडली तर मिनिटात धूर निघेल. त्यांना वेगळा ट्रान्स्फॉर्मर लागतो. आणि यंत्र किती भारी होते यापेक्षा त्याचा लेसर भाग आज मिळतो का, हे आधी विचारावे. सोन्याचा मुलामा दिलेल्या पेटीतला लेसर गेला आणि बदली मिळाली नाही, तर ती पेटी शोभेची वस्तू होते.

केबलवर फार खर्च नको. कोअॅक्सियल जोडणीला ७५ ओहमची केबल लागते. जुन्या टीव्ही-व्हिडिओसाठी येणारी, पिवळ्या टोकाची चांगली केबल त्याच मापाची असते. स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर ऑप्टिकल केबल लावून पाहावी. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांमधला विजेचा संबंध तुटतो आणि पुष्कळदा गुणगुणही थांबते.

मास्तरांबरोबर मी दुकानात गेलो. गुरुजींची तबकडी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. पहिल्या यंत्राने ती नाकारली. ते यंत्र दिसायला देखणे होते आणि महागही. दुसऱ्याने थोडा वेळ घेतला आणि वाचली. खोलीत तंबोरा सुरू झाला, मागे कोणीतरी खोकले आणि मास्तरांनी डोळे मिटले. त्यांनी तेच यंत्र घेतले. किमतीचे विचारायचेही ते विसरले, ते मी विचारले.

पण घरी आल्यावर मी त्यांना लगेच वाजवू दिले नाही. आधी माझ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये ती तबकडी घालून तिची प्रत केली. सीडी-आरवरची माहिती रंगाच्या एका थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडत जातो. छापील सीडी पुन्हा मिळू शकते, घरची मिळत नाही. तासाभराच्या सीडीला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. गुणवत्ता न गमावता ती आवळून ठेवण्याची सोय असल्याने जागा त्याहूनही कमी पुरते. मास्तरांच्या दोन्ही कपाटांचे संगीत आज एका छोट्या हार्ड डिस्कवर मावेल. संगणकाचा ड्राइव्ह अवघड जागा पुन्हा पुन्हा वाचू शकतो, ही आणखी एक जमेची बाजू.

तेव्हा तुमचा प्लेअर अजून चालू असला तरी एक काम याच आठवड्यात करा. कपाटातून घरी लिहिलेल्या तबकड्या वेगळ्या काढा. आजोबांचा आवाज, मुलीचे पहिले गाणे, गुरुजींची बैठक, जे असेल त्याच्या दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नवे यंत्र काय, ते पुढच्या महिन्यातही घेता येईल.