घरी मेणबत्ती करताना : मेण वितळवण्याआधी मुलांशी काय बोलावं?



दिवाळी जवळ आली की कार्यानुभवाच्या तासाला दोन गोष्टी हमखास होतात. एक आकाशकंदील आणि दुसरी मेणबत्ती. कंदील करताना फार तर कात्री लागते किंवा बोटांना डिंक चिकटतो. मेणबत्तीला मात्र शेगडी लागते, आणि शेगडीवर जे ठेवायचं ते स्वतःच जळणारं असतं. हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांचे व्हिडिओ पाहून मुलं घरीही हा उद्योग करू लागली आहेत. व्हिडिओत मेण वितळतं, साच्यात पडतं आणि पुढच्या क्षणी मेणबत्ती तयार होते. मधलं जे दाखवत नाहीत, त्याबद्दल आज बोलू या.

पहिला प्रश्न वर्गात विचारून बघा : "मेणबत्तीत जळतं काय?" निम्म्याहून अधिक मुलं "वात" असं सांगतात. मेण फक्त वातीला उभं ठेवतं, असा त्यांचा समज असतो. पुढच्या बहुतेक चुका याच समजातून होतात, म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

बाजारात मिळणारं पांढरं मेण म्हणजे पॅराफिन. ते कच्च्या खनिज तेलापासून निघतं. आसाममधल्या दिग्बोईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तेलाबरोबर मेणही तयार होतं. थोडक्यात, रॉकेल, डिझेल आणि मेण ही एकाच घरची भावंडं. मेण तेवढं घट्ट, म्हणून गरीब दिसतं! मेणबत्ती पेटवली की ज्योतीच्या उष्णतेनं वरचं मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वातीचं काम फक्त इंधन वर आणण्याचं.

हे मुलांना दाखवणं सोपं आहे. मेणबत्ती चांगली दोन मिनिटं जळू द्या. मग हलकेच विझवा आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला जळती काडी लावा. ज्योत त्या रेषेवरून खाली उडी मारते आणि काडी वातीला न टेकवता मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. त्यांतही हा वाफेचा भाग त्यांनी प्रयोगानं दाखवला होता. मुलांना एकदा कळलं की जळणारी गोष्ट ही मेणाची वाफ आहे, की शेगडीवरच्या पातेल्याकडे ती वेगळ्या नजरेनं बघतात.

थेट गॅसवर मेण ठेवणं

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. पातेल्यात मेणाचे तुकडे टाकायचे, गॅस पेटवायचा आणि ढवळत बसायचं. पाच मिनिटांत मेण वितळतंही, मग यात बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. दूध तापलं की वर येतं. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, बुडबुडे येतात, आवाज होतो. स्वयंपाकघरात आपण या खुणांवर विसंबून असतो. मेण यातलं काहीच करत नाही. साधं पॅराफिन ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसू लागतं. ते ७० अंशांना जसं दिसतं तसंच १५० अंशांनाही दिसतं. ना बुडबुडे, ना आवाज. पुढे धूर येऊ लागतो आणि २०० अंशांच्या आसपास त्याच्या वाफा जवळच्या ज्योतीनं पेट घेऊ शकतात. गॅसची ज्योत तर पातेल्याखालीच असते. म्हणून मेणातून धूर दिसला तर तो शेवटचा इशारा समजायचा. लगेच गॅस बंद.

यावर उपाय आपल्या घरात आधीच आहे. चॉकलेट वितळवताना करतो तसं पातेल्यात पातेलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटा स्टीलचा डबा किंवा कान असलेलं भांडं, आणि मेण त्या आतल्या भांड्यात. बाहेरचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे आतलं मेणही जात नाही. तापमान आवरण्याचं काम पाणी करतं. वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या. आतलं भांडं थेट तळाला टेकू नये म्हणून खाली एखादी छोटी जाळी किंवा स्टीलची चकती ठेवावी.

मात्र एक खाचखळगा आहे. बाहेरचं पाणी आटून संपलं, तर ही सगळी सुरक्षितता संपते आणि आपण पुन्हा थेट गॅसवर येतो. शेगडीपाशी एक मोठं माणूस सतत हवं ते यासाठी. दार वाजलं, फोन आला, वर्गात कुणी रडू लागलं, काहीही असो, जायचं असेल तर आधी गॅस बंद करून जायचं. एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त मेण वितळवायला घेऊ नये, असं माझं मत. कमी मेण म्हणजे कमी वेळ, आणि काही झालंच तर आवरायलाही कमी.

तापमान मोजायचं तर शाळेच्या प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक वापरा. ताप मोजायचा घरचा थर्मामीटर कुणीही मेणात बुडवू नये. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते, पुढे काच फुटते. मुलांना हे आधी सांगावं लागतं, कारण थर्मामीटर म्हटलं की त्यांना तोच आठवतो.

मेण पेटलं तर?

हा भाग मुलांकडून तोंडी म्हणून घ्या. आग म्हटलं की हात पाण्याकडे जातो आणि इथे नेमकं तेच करायचं नाही.

जळत्या मेणाचं तापमान २०० अंशांच्या वर असतं. पाणी मेणापेक्षा जड, त्यामुळे ते खाली जातं आणि तळाशी क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. ती वाफ वरचं जळतं मेण उसळवून बाहेर फेकते. हातभर उंचीची ज्योत छताला भिडते ती अशी. पेटलेल्या तेलाच्या कढईलाही हेच लागू. हा प्रयोग कुणीही, अगदी विज्ञानाच्या शिक्षकांनीही, वर्गात करून दाखवू नये. फळ्यावर आकृती काढली तरी मुलांना पुरेसं समजतं.

करायचं काय? गॅस बंद. भांड्यावर मावणारं स्टीलचं झाकण बाजूनं सरकवत ठेवायचं, वरून आपटायचं नाही. हवा तुटली की आग विझते. मग पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. "विझली का बघू" म्हणून लगेच उघडलं की हवा मिळते आणि गरम वाफा पुन्हा भडकतात. पेटलेलं भांडं उचलून मोरीकडे किंवा अंगणात नेऊ नये, सांडलं तर आग आपल्याच अंगावर येते. म्हणून मेण वितळवायला घेण्याआधी झाकण शोधून शेगडीशेजारी ठेवायचं. आग आटोक्यात येत नसेल तर मुलांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ ला फोन.

अंगावर मेण सांडलं तर?

आग क्वचित लागते, भाजणं मात्र नेहमीचं. पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. मेण चिकटतं, थिजतं आणि थिजताना आपली सगळी उष्णता कातडीला देतं. त्यामुळे "फक्त ७० अंश" हेही लहान मुलाच्या हाताला कमी नाही.

भाजलेला भाग लगेच वाहत्या नळाखाली धरा, वीस मिनिटं. वीस मिनिटं फार मोठी वाटतात, मूल हात काढून घेतं, म्हणून घड्याळ लावून धरा. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं मेण ओढून काढायचं नाही, सोबत कातडी निघते. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीच नको. आपल्याकडे शेजारच्या काकू प्रेमानं काहीतरी घेऊन धावत येतातच, त्यांना हात जोडून थांबवा. फोड आले, चेहरा किंवा डोळ्याजवळ भाजलं, किंवा जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल तर थेट डॉक्टर. रुग्णवाहिकेसाठी १०८.

कपड्यांबद्दलही बोला. सुती कपडे, बांधलेले केस, लोंबती ओढणी नाही, पायात बूट किंवा बंद चपला. पाचवीपर्यंतच्या मुलांनी गरम मेण ओतूच नये. वाती कापणं, साचे पुसणं, तयार मेणबत्त्यांची वेष्टणं सजवणं, ही कामं त्यांना भरपूर. आठवी-नववीची मुलं मोठ्यांसमोर ओतू शकतात. टेबलाशी एका वेळी चारपाच जणच.

मेणबत्ती नीट का होत नाही?

आता थोडं कमी भीतीचं. वात टोचताना घरातला कुठलाही दोरा चालतो, असं समजू नका. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा जळण्याऐवजी वितळतो. पिळाची किंवा विणलेली सुती वातच हवी. ती आधी वितळलेल्या मेणात बुडवून, ताठ वाळवून घ्यावी. जाड वात मोठी ज्योत आणि काजळी देते, बारीक वात वितळलेल्या मेणात बुडून विझते. साच्याच्या मधोमध उभी राहावी म्हणून ती वर पेन्सिलीला गुंडाळायची. वात एका बाजूला कलली तर मेणबत्ती एकाच कडेनं जळते, आणि काचेच्या ग्लासातली असेल तर तीच कड तापून काच तडकते.

थिजल्यावर वातीभोवती खड्डा पडतो, त्याला मुलं "आमची बिघडली" म्हणतात. बिघडलेली नसते. मेण थिजताना आकसतं. वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा तुकडा टाकून दाखवा, तो बुडतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. का, हे त्यांनाच विचारा, सातवीच्या वर्गात यावर छान भांडण होतं. खड्डा भरायला थोडं मेण राखून ठेवायचं आणि दुसऱ्यांदा ओतायचं. लवकर व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवली तर तडे जातात.

रंगासाठी खाण्याचा रंग चालत नाही, तो पाण्यात विरघळणारा असतो आणि मेणात थेंब थेंब वेगळा राहतो. मेणखडूचा तुकडा टाकला तर रंग सुंदर येतो, पण त्यातले रंगकण वातीत अडकतात आणि ज्योत मिणमिणते. मेणबत्तीसाठीचा रंग वेगळा मिळतो, तोच घ्यावा. वासासाठी अत्तराची किंवा डिओची बाटली कधीही नको. स्प्रेमध्ये स्पिरिट असतं, शेगडीजवळ ते भडकतं. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल गॅस बंद करून, भांडं खाली उतरवल्यावर घालायचं.

आणि सजावट! सुकी फुलं, दालचिनी, चमकी, नारळाची करवंटी, सगळं फोटोत छान दिसतं. मेणबत्ती खाली जळत आली की हीच फुलं दुसरी वात होतात. सजावट करायचीच असेल तर बाहेरच्या वेष्टणावर करा. प्लास्टिकचा ग्लास भांडं म्हणून वापरूच नका. कागदी कप साचा म्हणून चालतो, पण पेटवण्याआधी तो सोलून काढलाच पाहिजे.

एक गोष्ट घरी किंवा शाळेत करूच नये : वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या. नाव मेणबत्ती असलं तरी आत फटाक्याची दारू असते. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे अशा मेणबत्त्या तयार होणाऱ्या ठिकाणी आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या महिलांचा जीव गेला. "सर, ती पण करू या ना" असं एखादं मूल म्हणतंच, तेव्हा हे सांगा.

काम झाल्यावर उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळीत थिजून बसतं. भांड्यातच थिजू द्या, पुढच्या वेळी वापरा. भांडं गरम असतानाच कागदानं पुसलं की घासायचा त्रास वाचतो, हे पुसायचं काम मात्र मोठ्यांचं.

बालआनंद मेळाव्यात या मेणबत्त्या विकायच्या असतील, तर प्रत्येक खेपेतली एक तरी मेणबत्ती आधी स्वतः जाळून बघा. वात अर्ध्या सेंटिमीटरला कापा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि समोर बसून तीन-चार तास लक्ष ठेवा. ज्योत किती मोठी होते, काजळी येते का, ग्लास हाताला किती तापतो, शेवटी तळाशी काय होतं, हे मुलांना वहीत दर अर्ध्या तासाला लिहायला सांगा. ज्या खेपेची नोंद नीट येणार नाही, ती विकायला ठेवू नका. वितळवून पुन्हा करा.