हातातली नोट आणि डब्यातले पैसे



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, मले फोनवरचा पैसा नको. हातात नोट असली की किती उरले ते समजते." काहीजणी हसल्या. पण मावशींचं काही चुकलं नाही. नोट मोजून दिली की खर्च डोळ्यांना दिसतो. आणि ज्या फोनवर पैसे नाहीत, त्यावरून फसवून ते कोणी नेऊही शकत नाही.

अडचण आहे ती डब्यातल्या पैशाची. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आठवा. 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि 30 डिसेंबरपर्यंत त्या बँकेत भरायच्या होत्या. डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत लपवलेली बायकांची पुंजी सगळ्या घरासमोर उघडी पडली. कोणाला शिवण मशीन घ्यायची होती, कोणाला पोरीची फी भरायची होती. पुढे ते पैसे त्यांच्या हातात राहिलेच असं नाही.

म्हणून रोखीत राहायचं तर असं राहा.

घरात आठवड्याच्या खर्चापुरतीच रोख ठेवा. बाकीची स्वतःच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात भरा. त्यासाठी मोबाईल लागत नाही. पासबुक आणि पैसे काढायची स्लिप पुरते. अंगठा लावणारीलाही खातं उघडता येतं. शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं मागा. त्यातून महिन्यात निदान चार वेळा पैसे काढायला काही लागत नाही.

रोजगार हमीची मजुरी, लाडक्या बहिणीचे पैसे तसेही खात्यातच येतात. ते काढायला मशीनवर अंगठा लावला तर पावती घ्या, मगच उठा. "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" असं म्हटलं तर आधीची पावती मागा. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या.

दुकानदार दहाचं नाणं नाकारतो? ते चालतं. सगळ्या छापांची दहाची नाणी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. फाटकी नोटही फेकू नका, बँकेत बदलून मिळते.

आणि गटात दिलेली बचत त्याच बैठकीत, आपल्यासमोर वहीत लिहून घ्या.

मावशींना मी एवढंच म्हटलं, "फोन नको तर नको, पण पासबुक तुमच्याच पेटीत असू द्या." दुसऱ्या सोमवारी त्या माझ्यासोबत बँकेत आल्या.