मुद्देमालाला गंज, तिजोरीला तोटा

कोल्हापूरला लिलाव नवा नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, तेव्हा रव्याचा रंग व प्रत पाहून चारचौघांत बोली लावली जाते. माल डोळ्यांसमोर, बोली उघड आणि निकाल तत्काळ, या तीन गोष्टींवर त्या सौद्याचा विश्वास उभा आहे. सरकारी कचेऱ्यांतील निर्लेखित सामान आणि कायद्याने जप्त झालेली मालमत्ता आता ऑनलाइन लिलावाने विकली जात असताना, याच तीन कसोट्या त्या व्यवहारालाही लावून पाहणे अगत्याचे आहे.

बोलीच्या बाबतीत सुधारणा झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पूर्वी कचेरीच्या फलकावर नोटीस लागे, ठराविक व्यापारी जमत आणि आपसांत संगनमत करून सरकारी किमतीच्या किंचित वर बोली थांबवीत. भंगाराच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी 1964 साली स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी आज सरकारी खात्यांसाठी असे लिलाव चालविते. सरकारी खरेदीसाठी 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या बाजारपेठेतही आता विक्रीची सोय आहे. प्रतिस्पर्धी कोण हे दिसत नसल्याने साटेलोटे अवघड होते आणि परगावचा ग्राहकही बोलीत उतरू शकतो. हा लाभ लहान नव्हे.

परंतु लिलावाची वेळ येईपर्यंत मालाचे मोल उरते काय, हा खरा प्रश्न आहे. चोरीची, अपघातातील, अवैध वाळूची वा गोव्याहून चोरट्या मार्गाने येणाऱ्या मद्याची वाहने पोलीस ठाण्यांच्या व कचेऱ्यांच्या आवारात ऊनपाऊस सोशीत उभी असतात, हे दृश्य कोणालाही अपरिचित नाही. पश्चिम घाटाच्या कुशीतील या जिल्ह्याचा पावसाळा लोखंडावर दया करीत नाही. अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीही हशील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने तर मुदतच घातली आहे. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून 14 दिवसांत त्याचे विवरण तयार व्हावे, छायाचित्रण व्हावे आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश निघावा, असे ते कलम सांगते. पुरावा म्हणून छायाचित्र चालते. त्यासाठी मोटारसायकल गंजविण्याचे कारण उरलेले नाही. तरीही विलंब झालाच, तर त्याची किंमत कोण मोजतो? चोरीस गेलेली दुचाकी सापडूनही ती हाती न पडलेला कामगार प्रथम, आणि सरकारी तिजोरी त्यानंतर.

कोल्हापूरला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. उद्यमनगरात वाढून शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पसरलेल्या येथील ओतकाम धंद्याला भंगार हा कच्चा माल आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. ती नोंदणीकृत केंद्रांतच मोडावी लागतात. म्हणजे विक्रीस येणारा माल वाढणार आहे. मात्र मोठी अनामत रक्कम, डिजिटल स्वाक्षरी, एकगठ्ठा माल आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट यांमुळे लहान कारखानदार वा सामान्य ग्राहक बाहेरच राहणार असेल, तर दार उघडूनही उंबरठा उंच ठेवल्यासारखे होईल.

उपाय दुर्घट नाहीत. मालाचे लहान गट पाडावेत, अटी मराठीत द्याव्यात, प्रत्यक्ष पाहणीसाठी पुरेसे दिवस ठेवावेत. प्रत्येक ठाण्याने कोणती वस्तू केव्हा जप्त झाली आणि तिचे पुढे काय झाले, याची यादी जाहीर करावी. तेवढे झाले तर विलंबाचा जाब विचारता येईल. गुळाच्या सौद्यात माल ज्या दिवशी येतो त्याच्या मोलाची चाड असते. सरकारी मुद्देमालाच्या वाट्याला ती आली नाही, तर संगणकावर कितीही चोख बोली लागली तरी विकला जाईल तो केवळ गंजच.