मूत्रपिंडांतील पहारेकरी

गोदाकांठच्या कोपरगांव तालुक्यांत उसाचे मळे आणि साखर कारखाने. तेथें मधुमेहाचें नांव निघतांच साखरेकडे बोट जावें हें स्वाभाविक आहे. परंतु मधुमेहांत मूत्रपिंडाचा जो नाश होतो, त्याचें सारें पाप एकट्या साखरेच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

प्रत्येक मूत्रपिंडांत अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे सुमारें १० लक्ष गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छ म्हणजे एक गाळणीच. रक्तांतील शर्करा वर्षानुवर्षें चढी राहिली कीं या गाळण्या दुखावतात व मदतीसाठीं रासायनिक हांक देतात. ती ऐकून रक्तांतील भक्षक पेशी धांवून येतात. परक्या पदार्थांवर तुटून पडणाऱ्या अशाच पेशी मेच्निकॉफ यांनीं १८८२ सालीं मेसिना येथें तारामाशाच्या अळींत पाहिल्या होत्या. येथें मात्र मारावयास शत्रूच नसतो आणि इजा तर थांबत नाहीं. आलेली फौज मग तळ ठोकते, दाह वाढविते आणि जखम भरण्याच्या उत्साहांत तंतूंचा वण निर्माण करविते. कातडीवर वण शोभून जातो. गाळणीवर तो पडला कीं रक्त गाळावयाचें कसें?

या अवधींत मूत्रावाटे अल्ब्यूमिन जाऊं लागतें. रोग्यास दुखतखुपत कांहींच नसतें. ही वार्ता बहुधा प्रथम मूत्रपरीक्षेंतच कळते.