बदामाने बेटकुळी येते का?

लेखमाला : ताकदीचं ताट
लेखांक सातवा

मुलगा जिमला जायला लागला की मराठी घरात दोन गोष्टी घडतात. आई रात्री वाटीत बदाम भिजत घालते आणि मुलगा प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी पैसे मागतो. डब्याचा विषय आपण पुढच्या एखाद्या लेखांकात घेऊ. आज वाटीतल्या बदामांचा हिशेब मांडू. गेल्या आठवड्यात दूध-दह्याचा मांडला होता, तसाच.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात हा हिशेब रोज तराजूवर चढतो. तिथलं रसेल मार्केट १९२७ साली उभं राहिलं, तेव्हा हा भाग इंग्रजांच्या कॅन्टोन्मेंटमध्ये होता आणि वस्तीला ब्लॅकपल्ली म्हणत. आज मार्केटात भाजी, फुलं, मासळी ओलांडून सुक्यामेव्याकडे वळलं की दखनी उर्दू, तमिळ आणि कन्नड एकाच वेळी कानावर पडतात. मराठीही अधूनमधून ऐकू येते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणेतल्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या पसरली आहेत, त्यात बेंगळुरूही आलं. हा सगळा मुलूख कुस्तीचा. त्यामुळे घरचा पोरगा दंड कमवायला लागला की बदाम घ्यायचाच, याबद्दल तिथे दुमत नसतं. दुमत असतं ते कुठला घ्यायचा यावर.

दुकानात साधारण तीन प्रकार समोर येतात. कॅलिफोर्नियाचा बदाम लांबट, चपटा आणि एकसारखा. मामरा इराण-अफगाणिस्तानकडचा, आखूड, सुरकुतलेला, मध्ये खोलगट, एक दाणा दुसऱ्यासारखा नाही. गुरबंदी बारीक आणि ठेंगणा, त्यात मधूनच एखादा कडू निघतो. जाणतं गिऱ्हाईक दाणा दातांत धरून मोडून बघतं. कटकन तुटला तर माल कोरडा, लवला तर दमट. मोडलेली कड जिभेला खवट लागली तर जुना. मामऱ्याचा भाव कॅलिफोर्नियाच्या कितीतरी पट असतो आणि ‘ताकद त्यातच’ असं सांगितलं जातं. मामरा तेलकट आणि चवीला भारी, हे खरंच. पण तेल म्हणजे प्रथिन नव्हे. स्नायूंच्या दृष्टीने त्या जादा पैशांत हाताला काही लागत नाही.

आकडे काय म्हणतात

१०० ग्रॅम बदामात जवळपास २१ ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम स्निग्धांश, १२ ग्रॅम चोथा आणि सुमारे ५८० कॅलरी असतात. जातीनुसार प्रथिनं दोन-तीन ग्रॅमनी कमी भरतात. २१ ग्रॅम हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की ही तर डाळीच्या बरोबरीची गोष्ट झाली. पण १०० ग्रॅम बदाम म्हणजे ऐंशीच्या वर दाणे. एवढे कोण खातं? आईच्या वाटीत असतात दहा. दहा बदामांचं वजन बारा ग्रॅम आणि त्यातलं प्रथिन अडीच ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. म्हणजे दहा बदाम अर्ध्या अंड्यालाही पोचत नाहीत.

आता गरज बघू. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज लागतं. वजनं उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला जास्त लागतं; किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिन घेतल्यावर फायदा वाढायचा जवळजवळ थांबतो, असं अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. ६० किलो वजनाच्या मुलाला त्या मापाने दिवसाला ९६ ग्रॅम प्रथिन हवं. ते नुसत्या बदामातून काढायचं ठरवलं तर साडेचारशे ग्रॅमच्या वर बदाम खावे लागतील आणि त्यासोबत अडीच हजारांहून जास्त कॅलरी पोटात जातील. दंडाच्या आधी पोट वाढेल.

दुसरी गोष्ट प्रथिनाच्या जातीची. प्रथिन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं आणि त्यातली नऊ शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात. बदामात त्यांतलं लायसीन तोकडं आहे. प्रौढांसाठी दर ग्रॅम प्रथिनात ४५ मिलिग्रॅम लायसीन असावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. बदामात ते २७ च्या आसपास भरतं, म्हणजे जेमतेम साठ टक्के. हजार विटा आणून टाकल्या आणि सिमेंट सहाशे विटांपुरतंच असलं, तर भिंत सहाशे विटांचीच होते. उरलेल्या विटा पडून राहतात. इथेही तेच होतं, जादा अमिनो आम्लं जळणाला जातात.

स्नायू बांधायला सुरुवात करून देणारं अमिनो आम्ल ल्युसीन. एका जेवणात ते दोन ते तीन ग्रॅम आलं तर स्नायूंच्या बांधणीला चांगली चालना मिळते असं मानलं जातं. १०० ग्रॅम बदामात ते दीड ग्रॅम असतं. दहा बदामांत पाव ग्रॅमसुद्धा नाही.

मात्र लायसीनच्या तुटीवरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे. तूर, मूग, हरभरा, मसूर या डाळींत लायसीन भरपूर असतं. दुधात आणि अंड्यात तर असतंच. त्यामुळे दिवसभराच्या ताटात डाळ, दूध, उसळ असेल तर बदामातलं प्रथिनही वाया जात नाही. दोन्ही एकाच घासात यायला हवं असंही नाही. एकट्या बदामाला कमी पडतं ते ताटाला कमी पडत नाही.

मग पैलवान बदाम का खात होते?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडचा वाचक विचारणारच, आणि तो रास्त आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. तेव्हापासून आजतागायत गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत बदामाची थंडाई हा खुराकाचा भाग आहे. उत्तरेतही तेच. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेल्या पुस्तकात पैलवानाच्या आहाराचे तीन आधार सांगितले आहेत : दूध, तूप आणि बदाम.

थंडाई करताना तालमीत काय चालतं ते एकदा बघण्यासारखं असतं. रात्री भिजवलेले बदाम सोलून दगडी कुंडीत टाकतात. त्यात खसखस, बडीशेप, काळी मिरी पडते. मग एकजण कुंडी पायांत धरून बसतो आणि दोन्ही हातांनी लाकडी सोटा फिरवतो. घाई चालत नाही. आधी भरड, मग रवाळ, मग बोटांत धरली तर कणही लागू नये अशी मऊ पांढरी गोळी होते. थोडं थोडं पाणी घालत ती सैल करायची, फडक्यातून गाळायची, चोथा पुन्हा कुंडीत घालून पुन्हा घोटायचा आणि मग दुधात मिसळायची. घोटणाऱ्याचीही तेवढ्यात कसरत होते, आणि ते काम बहुतेक वेळा नव्या पोरांकडेच असतं.

या थंडाईकडे आजच्या नजरेने बघितलं तर तिचं काम स्पष्ट दिसतं. पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारायच्या, माती खणायची, लढत करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. एवढ्या मेहनतीला जळण प्रचंड लागतं आणि ते नुसत्या भाकरीतून भरून काढायचं तर पोटात जागा उरत नाही. थोड्या आकारात भरपूर ऊर्जा देणारा पदार्थ हवा. बदाम आणि तूप तो देतात. पैलवानाचा स्नायू बांधला दुधाने, मटणाने, अंड्यांनी, शाकाहारी असेल तर दूध-डाळीने. आणि सगळ्यात आधी मेहनतीने. बदामाने त्या मेहनतीला जळण पुरवलं. श्रेय मात्र बदामाला जास्त मिळालं, कारण तो महाग होता.

यात घोटण्याचा भागही बिनकामाचा नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ आणि २०१६ मध्ये बदामातली ऊर्जा माणसाच्या अंगाला प्रत्यक्षात किती लागते हे मोजलं. अख्खा कच्चा बदाम चावून खाल्ला तर ग्रॅममागे सुमारे ४.६ कॅलरी मिळाल्या. बदामाचं अगदी बारीक वाटलेलं लोणी खाल्लं तर ६.५. कारण साधं आहे. बदामाचं तेल पेशींच्या आत कोंडलेलं असतं. दातांनी सगळ्या पेशी फुटत नाहीत, काही तशाच पुढे निघून जातात. बारीक वाटल्यावर त्या फुटतात आणि तेल मोकळं होतं. कुंडी-सोट्याने तालमीने हेच साधलं होतं.

म्हणून एकच मूठ दोघांना वेगळी लागू पडते. वजन वाढत नाही, भूक कमी, कसरत जबर, अशा सडपातळ मुलाने बदाम वाटून दुधातून घ्यावा. आठ तास खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर वजनं उचलणाऱ्या आणि पोट कमी करू पाहणाऱ्या बेंगळुरूच्या आयटीतल्या माणसाने अख्खा बदाम सावकाश चावून खावा. त्याने पैलवानाची थंडाई पिणं म्हणजे पैलवानाचं जळण घेऊन खुर्चीत बसणं.

बदाम खरोखर काय देतो

इतकं ऐकल्यावर बदामाला ताटातून हद्दपार करू नका. २८ ग्रॅम, म्हणजे तेवीसेक बदामांत ई जीवनसत्त्व सात मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा. मॅग्नेशियम ७५ मिलिग्रॅमच्या आसपास, पुरुषाच्या रोजच्या गरजेचा साधारण सहावा भाग. स्नायू आखडणं-सैलावणं या क्रियेला मॅग्नेशियम लागतं. शिवाय साडेतीन ग्रॅम चोथा आणि बहुतांश चांगल्या प्रतीचा स्निग्धांश.

कसरतीनंतरच्या दुखण्यावरही काही काम झालं आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात, थोडं वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन लोकांनी आठ आठवडे रोज ५७ ग्रॅम बदाम खाल्ले आणि मग उतारावर धावण्याची कसरत केली. बदाम खाणाऱ्यांचं दुखणं काहीसं कमी राहिलं आणि स्नायूंचा जोर लवकर परतला. फरक माफक होता, प्रयोगाला पैसा कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाचा होता, आणि स्नायू वाढतात का हा प्रश्न त्यात नव्हताच. झीज भरून यायला थोडी मदत होत असावी, इतकंच त्यावरून म्हणता येईल.

आता नेहमीचे काही प्रश्न. भिजवल्याने बदामातलं प्रथिन वाढत नाही. दाणा मऊ होतो, साल सुटते, घोटायला सोपं जातं. सालीत चोथा आणि काही उपयोगी द्रव्यं असतात, तेव्हा पचत असेल तर सालीसकट खा. खोक्यातून मिळणाऱ्या तयार बदाम पेयाच्या एका पेल्यात बहुधा ग्रॅमभरच प्रथिन असतं, गाईच्या दुधात आठ ग्रॅम; तेव्हा ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. बदाम दुधाच्या पावडरीत पहिलं नाव साखरेचं आहे का, ते पाकिटावर वाचा. एखादा दाणा कडू लागला तर थुंकून टाका, कडू बदामातून सायनाइड तयार होतं. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारून खा, कारण बदामात ऑक्झलेट बरंच असतं. आणि आणलेला बदाम हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तेल खवट होणार नाही.

खर्चाचा हिशेब शेवटी. एका वेळच्या वीस ग्रॅम प्रथिनासाठी तीन-चार अंडी पुरतात, किंवा चाळीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे, किंवा शंभर ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पनीर. तेवढ्यासाठी बदाम मात्र पाऊणशेहून जास्त लागतील. या यादीत सगळ्यात महाग पडतो तो बदामच.

तेव्हा घरातल्या पोराच्या खुराकाचं बजेट मांडताना आधी डाळ, दूध-दही, अंडी किंवा सोयाबीन लिहा. मटण-मासे चालत असतील तर तेही. त्यानंतर पैसे उरले तर रोज पंधरा-वीस बदाम, तेही साध्या कॅलिफोर्नियाचे. उरले नाहीत तर बदामावाचून कुणाची बेटकुळी अडत नाही.

पुढच्या आठवड्यात : फुटाणे. स्वस्त आहेत म्हणून ज्यांच्याकडे आपण बघत नाही, त्यांच्या प्रथिनाचा हिशेब.