पट्टा ढिला असेल तर सीट कामाची नाही

आमच्या दुकानात बाळाची कार सीट बघायला अख्खं घर येतं, आणि हटकून कोणीतरी म्हणतं, "एवढे पैसे कशाला घालवायचे? मी घेते की मांडीवर!" बोलणारी बहुधा आजी असते. तिच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आपटली, तर शरीरावरचा जोर वजनाच्या वीस पटींवर सहज जातो. 10 किलोचं नातवंड त्या क्षणी 200 किलो भरतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. पहिलवानाच्या हातातूनही ते सुटेल. आईने बाळाला मांडीवर घेऊन एकच पट्टा दोघांभोवती लावला तर आणखी वाईट, कारण आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते पट्ट्यात चिरडतं.

हे सांगितलं की घरातले सीट घ्यायला तयार होतात. माझं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. सीट महाग की स्वस्त यापेक्षा ती कशी बसवली आहे, याची मला जास्त काळजी असते.

पहिला वाद तोंड कुठे करायचं यावरून. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडेच हवं. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, आणि मानेची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्टा धरून ठेवतो, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं मिळून सीटच्या पाठीत दाबलं जातं. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांना 1960च्या दशकात ही कल्पना सुचली ती जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. तिथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात. युरोपचा नवा नियम किमान पंधरा महिने म्हणतो. "पाय दुमडतात हो त्याचे," असं आया म्हणतात. दुमडू द्या, मुलांना मांडी घालून बसायला आवडतंच. फक्त मागे तोंड असलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. एअरबॅग नेमकी सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आता पट्टे. बाळाला सीटमध्ये पार मागे टेकवून बसवायचं. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आले पाहिजेत, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित वरून. बकल लावा, आधी कमरेजवळची ढिलाई वर ओढून घ्या आणि मग पुढची पट्टी खेचा. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ढिला आहे, बोटं नुसती घसरली तर बरोबर. "आवळतंय का त्याला?" असं विचारत आजी इथे हमखास पट्टा सैल करायला धावतात. तेवढ्या सैल जागेतूनच बाळाचा खांदा बाहेर येतो, हे मी त्यांना हात धरून दाखवतो.

बाळंतपणानंतर माहेराहून निघताना बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं. तसंच सीटमध्ये ठेवलं तर पट्टा दुपट्यावर बसतो, बाळावर नाही. पट्टे आधी, दुपटं वरून. जाड स्वेटरचंही तसंच. आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर बकलला आधी आपलं बोट लावून बघा, चटका बसतो.

सीट गाडीला आयसोफिक्सच्या कड्यांनी जोडा किंवा गाडीच्या पट्ट्याने, दोन्ही चालतं. पट्ट्याने बांधताना सीटवर गुडघ्याचा भार देऊन पट्टा ओढा. मग पट्टा सीटमधून जातो तिथेच धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधा.

कायदाही आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड. सनरूफमधून उभी राहिलेली पोरं एक्सप्रेसवेवर दिसली की माझ्या अंगावर काटा येतो.

पाच-सहा वर्षांची झाली की मुलं सीटला कंटाळतात आणि घरातले मोठ्यांचा पट्टा लावून मोकळे होतात. तो पट्टा त्यांच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो, आणि धडकेत पोटातल्या अवयवांना इजा होते. त्यासाठी उंच करणारी बूस्टर सीट हवी, साधारण 135 ते 150 सेंटीमीटर उंची होईपर्यंत. पट्टा खांद्याच्या मधून आणि मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. गळ्याला घासतो म्हणून तो काखेखालून घेऊ देऊ नका.

नात्यातल्या कोणाची जुनी सीट मिळत असेल तर ती अपघातातून गेलेली नाही, हे आधी विचारा आणि वापराची मुदत तपासा. नवी घ्यायची तर गाडी आणि बाळ दोन्ही घेऊन या. प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटचा उतार वेगळा असतो. एका गाडीत घट्ट बसणारी सीट दुसरीत डुलते, आणि तान्ह्याची मान पुढे पडून श्वास अडण्याइतकी उभीही होते. कोन बसवून पाहिल्याशिवाय मी पैसे घेत नाही.