सैन्यासाठी खरेदी करतं कोण? डीजी अ‍ॅक्विझिशनच्या खुर्चीची गोष्ट

ज्यांना इयरफोन लावून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

प्रश्न साधा आहे. सैन्याला एखादी वस्तू हवी असेल तर दिल्लीत ती विकत कोण घेतं? कोणी म्हणेल संरक्षणमंत्री, कोणी म्हणेल लष्करप्रमुख. दोघांचा हात असतोच. पण मागणीपासून करारापर्यंत फाईल चालवायचं काम ज्याच्याकडे असतं, तो तिसराच माणूस. डायरेक्टर जनरल, अ‍ॅक्विझिशन. आपण नुसतं डीजी म्हणू.

हे पद कारगिलनंतरचं. १९९९ च्या युद्धानंतर मंत्रिगट बसला आणि २००१ मध्ये संरक्षण मंत्रालयात अ‍ॅक्विझिशन विंग उभी राहिली. प्रमुख सनदी अधिकारी, वर संरक्षण सचिव. खाली भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या खरेदीसाठी वेगवेगळी माणसं. त्यात लष्करी अधिकारी आहेत आणि पैशाचा हिशेब बघणारेही आहेत. म्हणजे डीजी एकटा काहीच ठरवत नाही.

आता आपल्या सोलापूरच्या भाषेत समजून घेऊ. इथं गणवेश शिवणाऱ्या कारखान्याला शाळेची ऑर्डर कशी मिळते? शाळा सांगते कापड कुठलं, रंग कुठला. मग सॅम्पल जातं, पास होतं, आणि भावावर घासाघीस होते. सैन्याचंही तसंच आहे, फक्त प्रत्येक पायरीला वेगळी कमिटी. वस्तू कशी हवी ते सैन्य लिहून देतं. घ्यायची की नाही, हे संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद ठरवते. मग टेंडर, कागदोपत्री तपासणी, मैदानावरच्या चाचण्या. चाचणीत जे पास झाले, त्यांचेच भाव उघडतात. सगळ्यात कमी भाववाल्याशी बोलणी होतात आणि रक्कम मोठी असेल तर प्रकरण थेट पंतप्रधानांच्या सुरक्षा समितीपर्यंत जातं.

या वाटेवर किती वेळ जातो? बुलेटप्रूफ जॅकेटचं उदाहरण घ्या. १,८६,१३८ जॅकेट घ्यायला मंजुरी मिळाली २००९ मध्ये. पहिली प्रक्रिया चाचण्यांमध्ये अडकली आणि रद्द झाली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१६ मध्ये, तातडीची गरज म्हणून ५०,००० जॅकेटचा वेगळा करार करावा लागला. मूळ संख्येचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटींना. भागाकार करा, एका जॅकेटमागे साधारण ३४ हजार रुपये. एवढ्यासाठी नऊ वर्षं! आणि या नऊ वर्षांत काश्मीरमध्ये जवान ड्युटीवर होतेच की.

करार झाला तेव्हा डीजी होते अपूर्व चंद्रा. महाराष्ट्र केडरचे, १९८८ च्या तुकडीचे, आधी आपल्याच राज्याचे उद्योग खात्याचे प्रधान सचिव. २०१७ च्या अखेरीस ते तिकडे गेले. म्हणजे ज्या फाईलचा शेवट त्यांच्या काळात झाला, ती उघडली तेव्हा ते त्या इमारतीत नव्हतेच. मला यातली खरी गोम इथंच दिसते. डीजी साधारण दोन-तीन वर्षं राहतो, खरेदी आठ-दहा वर्षं चालते. उशीर झाला तर जाब कुणाला विचारायचा?

दुसरी गोम भीतीची. १९८६ च्या बोफोर्स करारात ४१० तोफा आल्या, पाठोपाठ १९८७ मध्ये लाच दिल्याचे आरोप आले. त्यानंतर परदेशी तोफांचा पुढचा मोठा करार व्हायला २०१६ उजाडलं. सही केली तर चौकशी लागू शकते, फाईल परत पाठवली तर कोणी काही विचारत नाही. अशा ठिकाणी तुम्ही बसलात तर काय कराल?

चंद्रांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने नियमांची नवी आवृत्ती तयार केली, ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. त्यात देशी मालाला आणखी झुकतं माप आहे. भारतात डिझाईन होऊन बनलेल्या वस्तूंच्या पहिल्या पसंतीच्या गटात किमान निम्मा भाग देशी हवा. त्याच सुमारास ते कामगार खात्यात सचिव म्हणून गेले.

आता एक कामाची गोष्ट, कारण आपल्या ऐकणाऱ्यांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पोरंपण आहेत. टॉवेल, चादर, कापड विकायचं असेल तर डीजीच्या दारात जायचं कारणच नाही. तो बघतो तोफा, विमानं, जहाजं, म्हणजे भांडवली खरेदी. रोजच्या वापराच्या मालाला महसुली खरेदी म्हणतात. तिचं नियमपुस्तक वेगळं, आणि त्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. बरीच खरेदी सरकारच्या जेम पोर्टलवरून होते आणि संरक्षण खातं तिथल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. नोंदणी ऑनलाईन होते. टेंडरमधलं स्पेसिफिकेशनचं पान मात्र भाव टाकायच्या आधी नीट वाचा. वजन, धाग्यांची संख्या, रंग टिकण्याची चाचणी, सगळं तिथं लिहिलेलं असतं.